‘होतला’ म्हणजे नेमकं केव्हा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे सत्तावीस वर्षांचे सिव्हिल इंजिनिअर आहेत, पाच वर्षं साइटवर काढलेले. देवगड तालुक्यातल्या एका गावाच्या नळपाणी योजनेवर ठेकेदाराने त्यांना पहिल्यांदाच प्रोजेक्ट इनचार्ज केलंय. कार्यारंभ आदेश हातात आहे, विहिरीची आखणी झालीय, पुढच्या पावसाआधी गावाला पाणी द्यायचंय. ते लिहितात, “मुकादम माझ्या वडिलांच्या वयाचे आहेत. कोणीच नाही म्हणत नाही. सगळे ‘होतला’ म्हणतात आणि होत मात्र नाही. मालक रोज रात्री फोन करून आज किती झालं ते विचारतात. मी कडक व्हायला हवं का? प्रोजेक्ट मॅनेजमेंटचा एखादा कोर्स करू का? चांगला लीडर नेमकं करतो तरी काय?” आणि अगदी शेवटी एक ओळ आहे: साठवण टाकीच्या जागेचं बक्षीसपत्र (जागा विनामोबदला देत असल्याचा दस्त) ‘होत आलंय’.

मी सव्वीस वर्षं कोकणात पाणीयोजना, साकव आणि मच्छीमार जेटींची कामं करतेय. तुमच्या पत्रातली शेवटची ओळ मला सगळ्यात जास्त काळजीची वाटली. तिच्याकडे येतेच. आधी ‘होतला’.

सिंधुदुर्गात या एका शब्दात निदान तीन उत्तरं असतात. काम हाताखाली आहे, दोन दिवसांत संपेल, हे पहिलं. जमेल असं वाटतंय पण कसं ते अजून ठरलेलं नाही, हे दुसरं. आणि जमणार नाही हे कळून चुकलंय पण तुमच्या तोंडावर कसं सांगायचं, हे तिसरं. तिन्ही वेळा सूर तोच असतो. बोलणारा माणूस खोटारडा नसतो. समोरच्याला नाही म्हणून दुखवू नये ही इथली रीत आहे, आणि घरच्या व्यवहारात ती चांगलीच आहे. पण कामाच्या प्रमुखाला या तिन्हींतला फरक त्याच दिवशी कळायला हवा. तो कळेल अशी सोय लावणं हे मी तुमचं पहिलं काम मानते. कडक व्हायचं की मऊ, हा विचार त्यानंतरचा.

हे मी कशी शिकले ते सांगते. माझी तिसरी योजना होती. नदीकाठच्या विहिरीपासून सड्यावरच्या टाकीपर्यंत १,९०० मीटरची ऊर्ध्ववाहिनी टाकायची होती, एप्रिलअखेर संपवायची होती. मी कणकवलीला ऑफिसात बसून रोज संध्याकाळी फोनवर विचारायचे, आज किती मीटर? मुकादम आकडा सांगायचे, मी तक्त्यात भरायचे. ६ एप्रिलला साइटवर गेले. भर दुपार, चढणीवर कुठे सावली नाही. १,२४० मीटरच्या खुंटीपाशी चर एकदम उथळ झाला होता. तळाला काळा दगड, त्यावर ब्रेकरचे पांढरे ओरखडे, आणि कडेला गोणपाटावर मोडलेल्या दोन छिन्न्या नीट शेजारी शेजारी मांडून ठेवलेल्या. टेप लावली. ११ दिवसांत ९ मीटर. मग रोजचे आकडे यायचे कुठून? माणसं खाली वाडीतल्या वितरण वाहिनीवर वळवली होती. तिथे माती मऊ, तिथले मीटर मला सांगितले जात होते. आकडे खरे होते, फक्त मी समजत होते त्या कामाचे नव्हते.

“काका, सांगितलं का नाहीत?” मी विचारलं. ते खाली बघत म्हणाले, “मागच्या खेपेक सांगितलंय, तेव्हा तुमी फोनार ओरडलात. म्हटलंय, आधी करून बघूया, मगे सांगूया.”

खरं होतं. महिन्यापूर्वी पाइपांची गाडी रखडल्याचं त्यांनी कळवलं तेव्हा मी चढ्या आवाजात बोलले होते. त्या एका फोनची किंमत ११ दिवस झाली. आखणी चाळीस मीटर बाजूला, बांधाच्या कडेने घेतली, तर तोच टप्पा चार दिवसांत निघाला. पण तोवर वेळ गेली होती. दाबचाचणी जूनमध्ये ढकलली गेली, पहिल्याच पावसाने चर भरले, आणि वाडीतल्या बायकांनी तो अख्खा मे महिना टँकरच्या रांगेत हंडे लावले. ती हंड्यांची रांग अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

तेव्हापासून स्वतःला एकच माप लावते: जागेवर काही अडलं की ती बातमी माझ्यापर्यंत किती दिवसांनी येते? ११ दिवसांनी येत असेल तर तक्ता, सॉफ्टवेअर, आठवड्याची मीटिंग यांचा काही उपयोग नाही. त्याच संध्याकाळी येत असेल तर शंभर पानी वही पुरते.

बातमी लवकर यावी म्हणून काय करायचं? सकाळी काम सुरू व्हायच्या आधी पंधरा मिनिटं, उभ्याउभ्या, जागेवर भेटा. फोनवर नको. ‘कधी होईल?’ हा प्रश्न कायमचा सोडा, कारण त्याचं उत्तर ‘होतला’ हेच असतं. त्याऐवजी विचारा, “काका, परवा संध्याकाळी मी आलो तर मला काय दिसेल?” ज्याला काम दिसतंय तो लगेच सांगतो: “खालच्या पाखाडीपर्यंत पाइप पडलेलो असतलो, जोड उघडे ठेवतलंव.” ज्याला सांगता येत नाही, जो इकडेतिकडे बघतो, त्याच्याकडे दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रकारचं ‘होतला’ आहे. मग पुढचा प्रश्न: “अडलंय काय? त्यातलं मी काय सोडवू शकतो?” आणि जे सोडवीन म्हणालात ते त्याच दिवशी सोडवा. डिझेल असो, छिन्नी असो, शेजारच्या बागायतदाराशी बोलणं असो. असं दोन-तीनदा झालं की माणसं आपणहून सांगू लागतात.

वाईट बातमी येते तेव्हाचं तुमचं पहिलं वाक्य सगळे लक्षात ठेवतात. माझं ठरलेलं आहे: “बरं झालं लगेच सांगितलंत.” मग थोडं थांबते आणि विचारते, “तुम्हाला काय सुचतंय?” चूक कोणाची हे त्या दिवशी काढत नाही. दोन-तीन दिवसांनी, काम पुन्हा मार्गाला लागल्यावर, त्या माणसाला बाजूला घेऊन स्पष्ट बोलते, आणि तेव्हा बोलण्यात कसर ठेवत नाही. कडकपणाला जागा आहे, ती इथे.

‘सत्तर टक्के झालं’ हेही घेऊ नका. पाइपलाइनचं काम खोदणं, टाकणं, जोडणं, दाबाने तपासणं आणि बुजवणं असं पाच पायऱ्यांचं असतं. माझ्या वहीत फक्त दाबचाचणी झालेली लांबी ‘झाली’ म्हणून चढते. बाकीची सगळी ‘चालू’. पहिले दोन महिने आकडा फार छोटा दिसतो आणि मालकांना तो आवडत नाही, पण शेवटी धक्का बसत नाही.

आता तारखा. तुमच्या तक्त्यात ३१ मे ही अखेरची तारीख असणार. ती आजच खोडा आणि १५ मे लिहा. आपल्याकडे पाऊस ७ जूनच्या आसपास धरतो असं आपण मनात घेऊन चालतो. २०२५ मध्ये तो २५ मेला कोकणात आला आणि २६ मेला मुंबईत पोचलासुद्धा. माझ्या ओळखीच्या दोन साइटवर चाचण्या मेच्या शेवटच्या आठवड्यात ठेवल्या होत्या, दोन्ही बुडाल्या. कोकणातल्या घरांना हे कोणी शिकवायला लागत नाही. आगोटीची लाकडं, मीठ, सुकी मासळी, घराची शाकारणी, हे सगळं आई-आजी आभाळ बघून सुरू करत नसत. एप्रिलपासूनच एकेक हातावेगळं होत असे. कामाचा तक्ता तसाच, पावसाकडून उलटा मोजत यायचा.

उलटं मोजलं की वेगळंच काही दिसू लागतं. टाकीचंच घ्या. पुढून मोजलं तर टाकीचं काँक्रीट एप्रिलमध्ये संपलं तरी चालेल असं वाटतं. पण काँक्रीटवर पाणी मारावं लागतं. बाजारातलं बहुतेक सिमेंट आता पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं असतं, त्याला निदान १० दिवस पाणी हवं. मग गळती तपासायला टाकी भरावी लागते. ज्या वाडीत एप्रिलअखेर प्यायला टँकर येतो, तिथे काँक्रीटवर ओतायला पाणी कोणाकडे मागणार? म्हणून टाकी मार्चच्या मध्याला उरकायलाच हवी, आणि तिच्या मागचं सगळं त्या हिशेबाने पुढे ओढायला हवं.

फक्त एक मोजणी मेमध्येच करायची असते, ती म्हणजे विहिरीच्या पाण्याची. डिसेंबरमध्ये तुडुंब दिसणारी विहीर मेमध्ये तळ दाखवते, आणि खाडीजवळ असेल तर पाणी मचूळही होतं. जलजीवन मिशनचं माप माणशी रोज ५५ लिटर आहे. बाराशे वस्तीचं गाव धरलं तर रोज ६६,००० लिटर झाले. तेवढं मेमधल्या विहिरीतून निघतंय का, हे बघितल्याशिवाय योजना झाली असं मी म्हणत नाही. तुमची विहीर नवी आहे, तेव्हा शेजारच्या जुन्या विहिरींची मेमधली पातळी गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून आत्ताच लिहून ठेवा.

मग गावाचं वर्ष तक्त्यावर मांडा. आत्ता भातकापणी आहे, गावातले हात शेतात आहेत. ती संपली की जत्रा सुरू होतात. डिसेंबरपासून आंब्याच्या मोहोरावर फवारण्या, मार्चपासून तोडणी आणि पेट्या भरणं. देवगडात त्या दिवसांत हापूसपुढे कोणाला मजूर मिळत नाहीत. महाशिवरात्रीला कुणकेश्वरच्या रस्त्यावर पाइपांचा ट्रेलर घालायचा विचारसुद्धा करू नका. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख पंचांगात नसते, कौल लागल्यावर ती जाहीर होते, म्हणून कोणाला तरी ती कानावर ठेवायला सांगून ठेवा. शिमग्याला गाव खेळ्यांत आणि पालखीत असतो. बाहेरून आलेले कामगार त्याच सुमाराला होळीसाठी आपापल्या गावी जातात. हे सण अडथळे म्हणून मोजायचे नाहीत. ज्यांच्यासाठी पाणी आणतोय त्यांच्या जगण्याचा तो भाग आहे, आणि तो आधीच तक्त्यात घेतला तर कोणाशी वाद होत नाही. सगळं वजा करून माझ्या अनुभवाने ऑक्टोबर ते मेमधले भरवशाचे दिवस दीडशेच्या आसपास उरतात.

तेवढ्यात खूप होतं, हेही सांगते. महाडजवळचा सावित्रीवरचा जुना पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला. त्यावरच्या गाड्या आणि माणसं गेली. कोकणात ती रात्र कोणी विसरलेलं नाही. नवा पूल १६५ दिवसांत बांधला आणि ५ जून २०१७ ला खुला केला, पुढचा पाऊस धरायच्या आत. दोन पावसांमधली उघडीप मोठी असते, पहिल्या दिवसापासून वापरली तर.

अंदाज बांधताना एक जुनं सूत्र मला फार उपयोगी पडतं. १९५८ साली अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी पर्ट नावाची पद्धत काढली, त्यातलं ते आहे. मुकादमांना एकच आकडा विचारायचा नाही, तीन विचारायचे. सगळं सुरळीत गेलं तर विहिरीला किती दिवस? २०. साधारणपणे किती लागतात? ३०. आणि खाली काळा दगड लागला तर? ७०. मधल्या आकड्याची चौपट करा, दोन्ही टोकं मिळवा, सहाने भागा: २० अधिक १२० अधिक ७०, भागिले ६, म्हणजे ३५. तक्त्यात ३५ धरा. पण खरा फायदा तिसऱ्या आकड्यात आहे. ७० म्हणताना मुकादम आपोआप सांगतात की असं कुठे झालं होतं, तेव्हा काय केलं, कोणाचा मोठा ब्रेकर आणला. भीती बोलून दाखवायला त्यांना रीतसर जागा मिळते.

असाच आणखी एक प्रकार आहे. गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाने त्याला प्री-मॉर्टेम असं नाव दिलंय. काम सुरू करायच्या आधी सगळ्यांना बसवा, चहा सांगा आणि म्हणा, “समजा मे संपला, पाऊस सुरू झाला आणि आपलं काम अर्धवट पडलंय. का पडलं असेल?” पडलंच आहे असं धरून विचारलं की कोणी कोणाला नाट लावल्यासारखं वाटत नाही. एका जेटीच्या कामावर मी हे केलं तेव्हा सगळ्यात धाकटा खलाशी, जो आमच्याकडे नुसता सामान वाहायला होता, म्हणाला की भरतीच्या वेळी ती वाट पाण्याखाली असते. आम्ही काँक्रीटची गाडी त्याच वाटेने आणणार होतो.

तक्त्यातलं सगळं सारख्याच महत्त्वाचं नसतं, हे तुम्हाला कॉलेजात क्रिटिकल पाथ म्हणून शिकवलं असेल. कोकणात त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या दारातूनच जातं. कोकण रेल्वेचा मार्ग साधारण ७४० किलोमीटरचा. नव्वदहून जास्त बोगदे, करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा, रत्नागिरीजवळ पानवल नदीवरचा ६४ मीटर उंचीचा पूल. यातलं काहीही अडेल असं वाटलं असतं. शेवटपर्यंत अडला तो पेडण्याचा दीडेक किलोमीटरचा बोगदा. करबुड्याला खडक होता आणि खडक फोडता येतो. पेडण्याला मऊ, पाणी धरणारी माती होती, ती खोदेल तशी आत येत होती. माणसं दगावली तिथे. जानेवारी १९९८ मध्ये तो टप्पा जुळला तेव्हा कुठे सलग गाडी धावली. सगळ्यात मोठं काम आणि सगळं अडवणारं काम यांत केवढा फरक असतो ते त्यात दिसतं. तुमच्या योजनेत टाकी सगळ्यात मोठी दिसते म्हणून सगळ्यांचं लक्ष तिच्यावर राहील. अडवणाऱ्या गोष्टी मात्र दोनच आहेत आणि दोन्ही कागदावरच्या: जागेची सही आणि पंपाची वीजजोडणी. विजेचा अर्ज, डिमांड नोट (वीज कंपनीची पैशांची मागणी) भरणं, खांब, ट्रान्सफॉर्मर, याला महिने जातात. पंपघराला छप्पर नसलं तरी अर्ज आजच टाका. टाकी भरायला तयार, पाइप तपासलेले आणि पंप विजेसाठी थांबलेला, असं मी फार वेळा पाहिलंय.

मुकादमांकडे येते. तुम्ही वयाने लहान आहात हे लपवायचा प्रयत्न करू नका. काका म्हणा, अहो-जाहो करा, दगडाबद्दल त्यांना विचारा, कारण ते त्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळतं. आणि नकाशा, मोजमाप, काँक्रीटचं प्रमाण, सुरक्षितता यांत तडजोड करू नका, कारण तिथे सही तुमची आहे. मालवणात जेटीच्या कामावर होते तेव्हा मी तांडेलांना, म्हणजे होडीच्या प्रमुखांना, फार जवळून पाहिलं. किनाऱ्यावर जाळी शिवत बसलेले असताना सगळे बोलतात, पोरसुद्धा तांडेलाला टोकतं की काल जाळं चुकीच्या जागी टाकलं. पण समुद्रात वारा फिरला की होडीवर एकच माणूस बोलतो आणि बाकीचे ते करतात. तांडेल हे जमवू शकतो कारण किनाऱ्यावर त्याने सगळ्यांचं ऐकलेलं असतं आणि जाळं ओढायच्या वेळी त्याचे हातही दोरीला असतात. कोणता निर्णय सगळ्यांनी मिळून घ्यायचा आणि कोणता मी एकट्याने, हे आधी सांगून ठेवलं की भांडणं निम्मी होतात.

आणि काही निर्णय पूर्णपणे सोडून द्या. कोकण रेल्वे बांधताना ई. श्रीधरन यांच्या हाताखाली मार्ग सात विभागांत वाटला होता, महाडपासून उडुपीपर्यंत, आणि प्रत्येकावर एक मुख्य अभियंता होता, निर्णय जागच्या जागी व्हावेत म्हणून. तुमच्या कामाचा आवाका पाहता मुकादमांकडे ५,००० रुपये रोख आणि एक वही ठेवा. डिझेल, छिन्नी, अर्ध्या दिवसाचा ट्रॅक्टर, हे त्यांनी तुम्हाला न विचारता करायचं आणि संध्याकाळी लिहायचं. दोनशे रुपयांच्या क्लॅम्पसाठी आठ माणसं दिवसभर बसून राहिलेली मी पाहिली आहेत, कारण ‘साहेबांचा फोन लागत नव्हता’.

शेवटी उशीर झालाच, तर मालक म्हणतील, आणखी दहा माणसं घाला. सपाट मातीत, वेगळ्या वाडीत, वेगळ्या चरात ती उपयोगी पडतील. दगडात जिथे दोनच ब्रेकर उभे राहू शकतात तिथे दहा माणसं फक्त बघत राहतात, आणि नव्या माणसांना जोड कसा द्यायचा हे दाखवण्यात तुमचा चांगला माणूस अडकतो.

मालकांच्या रोजच्या फोनबद्दल. ते काळजीपोटी करतात, बिलं अडकली की पैसा त्यांचा अडकतो. त्यांनी विचारायची वाट बघू नका. दर शनिवारी संध्याकाळी एक पान व्हॉट्सॲपवर पाठवा: या आठवड्यात काय तपासून पूर्ण झालं, काय अडलंय, त्यासाठी तुमच्याकडून काय हवंय आणि कोणत्या तारखेपर्यंत. तिसऱ्या शनिवारनंतर रात्रीचे फोन कमी होतील. ‘आमच्या वाडीत आणखी एक नळ घाला’ म्हणून गावातले लोक येतील. त्यांना हो किंवा नाही म्हणू नका. मागणी वहीत लिहून घ्या, ग्रामपंचायतीमार्फत लेखी येऊ द्या आणि मंजुरी आल्याशिवाय एक मीटरही खोदू नका.

कोर्स जरूर करा, पण पुढच्या पावसाळ्यात, हातात काम नसेल तेव्हा. या योजनेला एक्सेलची एक शीट पुष्कळ झाली.

विहिरीबद्दल मात्र हात जोडून सांगते. वरचा जांभा संपला की खाली शेडी माती लागते. कोरडी असते तेव्हा ती भिंतीसारखी उभी राहते आणि ओली झाली की एका क्षणात खाली येते. काढलेली माती कडेला रचू नका, बाजूंना उतार द्या, शिडी नेहमी आत राहू द्या, आणि वळीव पडला तर दुसऱ्या दिवशी कडा तपासल्याशिवाय कोणाला खाली उतरवू नका. पाणी उपसायला डिझेलचा पंप विहिरीत उतरवायचा नाही, कधीही नाही. त्याचा धूर खाली साचतो, कळायच्या आत माणूस बेशुद्ध पडतो, आणि त्याला काढायला उतरलेलाही. विहिरीवर काम थांबवायचा अधिकार सगळ्यात धाकट्या मजुरालाही आहे, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांदेखत सांगा. आणि तो वापरला म्हणून कोणाचा रोज कापू नका.

आता तुमचं बक्षीसपत्र. ‘होत आलंय’ हे मला ‘होतला’ चंच दुसरं रूप वाटतंय. कोकणातला सातबारा तुम्हाला माहीत आहे. दोन गुंठ्यांच्या जागेवर वीस नावं असतात. त्यातली काही वारलेली आणि वारसांची नोंद न झालेली, काही माहेरच्या हिश्श्याच्या बहिणी, निम्मी मुंबईत. ज्या सरपंचांनी ‘सगळे तयार आहेत’ म्हणून सांगितलं ते प्रामाणिकपणेच बोलले असतील, कारण गावात राहणारे सगळे तयार असतील. चाकरमानी गणपतीला येऊन गेले. पुढच्या वेळी ते एकत्र भेटणार शिमग्याला, आणि तोवर टाकीचं काँक्रीट संपायला हवं. म्हणजे शिमग्याची वाट बघणं परवडणारं नाही.

माझ्या एका योजनेत १४ नावं होती, नऊ मुंबईत. आम्ही गावच्या मुंबई मंडळाच्या रविवारच्या सभेला गेलो. मी, ग्रामपंचायतीचे दोन सदस्य आणि टाकीच्या जागेचा मोठा छापलेला नकाशा. लोकांनी नकाशावर आपलं घर शोधलं, नळ कुठे येणार ते विचारलं. एका वयस्कर बाईंनी विचारलं, “विहिरीवरचा आमचा रहाट ठेवणार ना?” त्या एका सभेत सहा जणांची संमती मिळाली. दोघांना त्यांच्या घरी जाऊन भेटलो. उरलेल्या एकाला आपल्या भावावर राग होता, जमिनीशी त्याचा संबंध नव्हता. तो सुटायला तीन आठवडे लागले आणि गावातल्या एका वडीलधाऱ्या माणसाला मध्ये घालावं लागलं. ज्यांना सही करायला देवगडला येणं शक्य नव्हतं त्यांनी गावातल्या नातेवाइकाला रीतसर नोंदवलेलं कुलमुखत्यारपत्र दिलं. मृतांच्या जागी वारसांचा फेरफार घालावा लागला, त्याची नोटीसच १५ दिवसांची असते. हे सगळं आम्ही ऑक्टोबरमध्ये सुरू केलं आणि बक्षीसपत्राची नोंदणी जानेवारीत झाली.

म्हणून या रविवारी बाकीचं सगळं बाजूला ठेवा. ताजा सातबारा काढा आणि वहीत प्रत्येक नावापुढे लिहा: हयात आहे का, राहतो कुठे, फोन, त्याच्याशी शेवटचं कोण बोललं, आणि तो नक्की कोणत्या शब्दांत हो म्हणाला. दिवाळीत कोण गावी येणार तेही त्यातच टिपा. मग ते पान मला पाठवा. पहिल्यांदा कोणाला भेटायचं ते आपण त्यावरून ठरवू.